गुरुवारी रडणारा दगड

"आधी हात लाव, मग डोळे मीट," आई सांगायची. "हात न लावता केलेला नमस्कार नुसता हवेला होतो, पद्मजा."

सात वर्षांची असल्यापासून मी तसंच करत आले. १९८४ साली नालोई बेटावर गेले तेव्हा तिथली रीत नेमकी उलटी निघाली. तिथल्या पूर्वजाला कुणी हात लावत नसे. त्याच्या पाठीमागेही जात नसत. समोर उभं राहायचं आणि मान खाली घालायची.

पूर्वज म्हणजे काळ्या दगडाची पुरुषभर उंच फळी, चार बोटं जाडीची. प्रवाळाच्या ओट्यावर उभी असे. त्या वर्षी ती रडायला लागली.

पहिल्या दिवशी सारं बेट लोटलं होतं. दगडाच्या कपाळापासून पाण्याचे ओघळ येत होते आणि पायाशी पांढरा धूर जमिनीवरून सरपटत होता. बायका गुडघ्यांवर बसल्या होत्या. समोर कंपनीने आणलेला उपदेशक, पांढऱ्या सुटातला ब्रदर कोल हात पसरून उभा होता.

"बघा, आसवं बघा. हा त्यांचा श्वास बघा," तो सांगत होता. "तुमचे पणजोबा मला म्हणतायत, बाळांनो, बेट सोडा. बोटीत बसा. पलीकडच्या किनाऱ्यावर तुमच्यासाठी फ्लॅट आहेत, प्रत्येक फ्लॅटमध्ये फ्रिज आहे."

पणजोबांना फ्रिज ठाऊक होता याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

नालोईवर झेंडा अमेरिकेचा होता आणि हुकूम एका कंपनीचा. खाडीत मासे धरायला कंपनीचा परवाना लागे. शाळेत पोरांनी आपली भाषा बोलली की दिवसभर उन्हात उभं करत. आता कंपनीला धावपट्टी लांबवायची होती आणि गाव मधे येत होतं. कागद तयार होता: आम्ही राजीखुशीने बेट सोडतो. दोन वर्षं एकानेही त्यावर अंगठा उठवला नव्हता. पण पूर्वजच रडून जा म्हणत असतील तर?

माझे यजमान डॉक्टर. उल्हास कंपनीच्या दवाखान्यात दोन वर्षांच्या करारावर होते. मी घरी असे, पूजा आणि उपासतापास करी. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, हळदीकुंकवालासुद्धा मी हळूच बोलते. पण चौथ्यांदा दगड रडला तेव्हा साबुदाणा भिजवताना माझा हात थांबला. माझा उपास गुरुवारचा. मागच्या खेपेलाही साबुदाणाच भिजत होता. त्याच्या मागच्यालाही.

नालोईचे लोक चंद्रावर दिवस मोजतात. त्यांच्या लेखी दगड कधी पौर्णिमेनंतर रडला, कधी अवसेच्या आधी. त्यात त्यांना काही क्रम दिसेना, म्हणून तर ते अधिकच घाबरले. आठवड्याचे वार होते ते फक्त कंपनीच्या कचेरीतल्या कॅलेंडरवर.

"अहो, पूर्वजांना गुरुवार कसा कळतो?" मी उल्हासना विचारलं.

ते कागदांवर सह्या करत होते. "म्हणजे?"

"रडतात ते गुरुवारीच."

ते थांबले. "बुधवारी विमान येतं," ते सावकाश म्हणाले. "पद्मजा, यात पडू नकोस. कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल करतील. ग्रीन कार्डाची फाइल अजून अडकलेली आहे."

पुढच्या गुरुवारी अंगठे घ्यायचं ठरलं होतं. त्या दिवशी पहाटे मी इलुआ आजींकडे गेले. बेटावरच्या सगळ्यांत वयस्क त्या.

"आजी, पूर्वजाला हात लावायची तुम्हाला मनाई आहे. मला आहे का?"

"पाहुण्यांचं कुणी काही सांगून ठेवलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण पोरी, तुझं काही झालं तर मला विचारू नकोस."

दगड ओला होता. मी हात लावला आणि दचकले. तिथे समुद्राचं पाणीसुद्धा कोमट असतं, आणि हा दगड हिवाळ्यातल्या लोखंडासारखा गार. बोट जिभेला लावलं. आसवं खारट नव्हती. मग, मंदिरात घालते तशी, मी प्रदक्षिणा घातली. मागच्या बाजूला ओट्यात पोकळी होती. तिच्यात पोती कोंबलेली, पोत्यांत पांढऱ्या विटा, दगडाला टेकवून वरपर्यंत रचलेल्या. एका विटेला दोन बोटं लावली ती चिकटली. ओढून काढली तेव्हा कातडीवर पांढरे चट्टे उठले होते.

घरी येऊन मी बोटं दाखवली, विटांचं सांगितलं. उल्हासनी मलम लावलं आणि कपाटातून जाड हातमोजे काढले. "कोरडा बर्फ," ते म्हणाले. "बुधवारच्या विमानाने येतो, कंपनीची मासळी यात घालून पाठवतात. वितळून पाणी होत नाही, नुसता धूर होतो. चल."

आठ वाजता सारे जमले. ब्रदर कोल शाईचं पॅड उघडत होता. उल्हासनी एक वीट फोडून तुकडे माझ्या पूजेच्या तांब्यात टाकले आणि तांब्या ओट्यावर ठेवला.

"डॉक्टर, हे पवित्र स्थान आहे," कोल म्हणाला.

"म्हणूनच तांब्या घासून आणलाय," उल्हास म्हणाले.

थोड्याच वेळात तांब्याच्या तोंडातून धूर उतरला आणि बाहेरून थेंब धरले. थेंबांचे ओघळ झाले. बोलायचं मला होतं.

"हा तांब्या पुण्याच्या तांबट आळीतला आहे," मी म्हणाले. "याचे पूर्वज नालोईचे नाहीत. तरी रडतोय. थंडगार वस्तूला दमट हवा लागली की पाणी सुटतं, एवढंच. हवं तर मागे येऊन बघा."

कुणी हललं नाही. मग इलुआ आजी उठल्या. जन्मात पहिल्यांदा त्या दगडाच्या मागे गेल्या. परत आल्या त्या एक पोतं ओढत. ते त्यांनी कोलच्या पायाशी टाकलं.

त्या दिवशी एकही अंगठा उठला नाही.

पण महिनाभराने नवा हुकूम आला. अंगठ्यांची गरज नाही, सहा आठवड्यांत बेट रिकामं करा. बोटी आल्या, बंदुका घेतलेली माणसं आली. उल्हासचा करारही संपला. धक्क्यावर आजींनी माझी बोटं हातात धरली, चट्टे चाचपून पाहिले.

"पूर्वजांनी आम्हाला हाकललं नाही. माणसांनी हाकललं," त्या म्हणाल्या. "माणसांशी भांडता येतं. कुणी विचारलं तर सांगशील?"

"सांगेन," मी म्हणाले.

याला सात वर्षं झाली. नालोईची माणसं इथे कॅलिफोर्नियात, आमच्या फ्रीमाँटजवळ, भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. फ्रिज आहेत. आजी गेल्या थंडीत वारल्या. त्यांच्या लोकांनी खटला भरला, तर कंपनीचा वकील म्हणतो, हे लोक देवाच्या आज्ञेने आपणहून निघाले. पुराव्याला रडणाऱ्या दगडाचा फोटो लावलाय.

मी देव मानते. रोज पूजा करते, गुरुवार धरते. म्हणूनच सांगते, देवाच्या नावाने कुणी तुमचं घर, जमीन, अंगठा मागायला आलं की आधी हात लावून बघा. मागच्या बाजूला जाऊन बघा. कुठल्या वारी विमान येतं ते विचारा. खऱ्या देवाला त्याचा राग येत नाही.

आज माझ्या साक्षीची तारीख आहे. उल्हासनी भरलेला सिटिझनशिपचा अर्ज टेबलावर पडलाय; साक्षीने तोही अडकू शकतो. मी पूजा आटोपली, हात लावून नमस्कार केला. तांब्या घासून पिशवीत ठेवला तेव्हा त्यांनीच कपाटातून ते जुने हातमोजे काढून वर ठेवले. मी दार हळूच ओढून घेतलं आणि कोर्टाची गाडी धरायला स्टेशनकडे चालू लागले.