आईची उजळणी

डॉक्टर म्हणाले, आईला रोज फोटो दाखवून नावं विचारा, विचारलेलं टिकतं. परदेशातला दादा, वर्षातून एकदा उगवणारी ताई, त्यांची पोरं, सगळ्यांचे फोटो मी शोधून काढले. माझा कशाला? तिचं गू-मूत काढायला मी समोर होतोच की! सुरुवातीला कुठलाही फोटो दाखवला तरी ती माझंच नाव घ्यायची आणि मी ओरडायचो, "चूक!" दोन वर्षं रोज हेच चाललं.

काल दादा आला. आईनं त्याला दारातच ओळखलं. तो छाती फुगवून मला म्हणाला, "बघ, पोटच्या पोराला आई विसरत नसते."

आईनं माझ्याकडे बोट दाखवून त्याला हळूच सांगितलं, "ह्या मास्तरांना आता सुट्टी दे रे. माझी सगळी मुलं पाठ झाली."