विक्रीयोग्य शून्य

खोक्याच्या कडेला चिकटवलेल्या नारिंगी चिठ्ठीचं एक टोक सुटलं होतं, आणि ते अंगठ्याने दाबून बसवताना तिच्या लक्षात आलं की हेच टोक आपण कालही दाबलं होतं — परवाही बहुतेक. गोंद वाळून गेला होता. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं : ‘थांबवलेला माल. केबल चुकीची.’ खाली तारीख. तारखेकडे बघायचं ती टाळत होती. पण ज्याचं पोट आकड्यांवर चालतं त्याला आकडा टाळता येत नाही, तो डोळ्याच्या कोपऱ्यातून आत शिरतोच... एक्केचाळीस दिवस.

एकतीस खोकी. ज्या गेम कन्सोलसाठी लोक दुकानं उघडायच्या आधीपासून रांगा लावत होते, त्यांची. यंत्रं धडधाकट होती. फक्त आत घातलेली विजेची केबल इथल्या भिंतीतल्या सॉकेटात बसत नव्हती. कारखान्यात कुणीतरी दुसऱ्या देशाचा गठ्ठा उघडला होता, इतकंच. योग्य केबल येईपर्यंत ही खोकी गोदामात होती आणि नव्हती. तिच्या संगणकावर त्यांच्यासाठी दोन रकाने होते : ‘हजर — एकतीस’ आणि ‘विक्रीयोग्य — शून्य’. दुकानदारांना सांगायचा तो दुसरा. बाबांनाही तिने दुसराच सांगितला होता.

खोटं नव्हतं ते. मी खोटं बोललेली नाही... आणि हे वाक्य हल्ली मनाशीसुद्धा जरा जास्तच वेळा म्हणावं लागतंय, हेही तिच्या नजरेतून सुटलं नाही.

सकाळी बाबांनी पुन्हा विचारलं होतं. ती समोर स्टुलावर बसून त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती, खालून वर, रोजच्यासारखी. त्यांचा डावा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

“काय गोदामबाई, आला का माल?”

“नाही हो बाबा. शून्य आहे.”

“शून्य डोंबलाचं! दडवून ठेवतात लेकाचे. मुद्दाम. माणूस ताटकळला की त्याला वस्तू मोठी वाटायला लागते.”

“मुद्दाम कोण कशाला करेल? चिप मिळत नाहीत, जहाजं बंदरात अडकतात —”

“तू त्यांचं मीठ खातेस. तू असंच म्हणणार,” बाबा म्हणाले आणि गळ्याजवळचं बटण लावता यावं म्हणून त्यांनी हनुवटी वर केली, लहान मुलासारखी. ही हनुवटी वर करणं... ते तिला रोज हवं असायचं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

बाबांच्या मेंदूत रक्ताची एक बारीकशी गुठळी अडकली, त्याला आता तीन महिने होत आले. दवाखान्यात हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाईंकडे तसलंच यंत्र होतं. रबरी चेंडू दाबायचा म्हटलं की बाबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पण पडद्यावरचा चेंडू टाकून पडद्यावरच्या बाटल्या पाडायच्या म्हटल्यावर चाळीस मिनिटं झाली तरी ते थांबायला तयार नव्हते, आणि शेवटी त्यांच्या डाव्या अंगठ्याने, सगळ्यांच्या देखत, एक बटण दाबलं होतं. “घरी एक घेऊन टाका,” बाई म्हणाल्या होत्या. “हात सुरुवातीच्या महिन्यांत भराभर शिकतो. पुढे शिकतच नाही असं नाही, पण हट्टी होतो.” परतताना टॅक्सीत बाबा खुशीत होते. “दोन्ही हातांनी बटणं लावता आली की मी आपला माझ्या घरी. किती दिवस तुझ्या डोक्यावर बसू?” “बसा की,” ती म्हणाली होती, आणि खिडकीबाहेर बघत राहिली होती.

टेबलावरचा फोन वाजला. चौकातल्या दुकानाचे मालक. आठवड्यातून तीनदा फोन केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

“ताई, देवाशपथ खरं सांगा. किती दडवलेत?”

“एकही नाही. तुम्ही साठ मागितलेत. खरंच साठ लागतात तुम्हाला?”

“लागतात वीस. पण वीस मागितले तर तुम्ही पाच देता. साठ मागितले की पंधरा मिळतात. तुम्हीच लावलीत ही सवय!”

“आम्ही?”

“मग काय, आम्ही आईच्या पोटातून शिकून आलो?”

ती हसली. फोन ठेवल्यावरही हसू थोडा वेळ चेहऱ्यावर राहिलं, मग विरलं. कारण साठाच्या मागणीचं ती काय करायची, ते त्यांना ठाऊक नव्हतं. असे सगळे फुगलेले आकडे ती एकत्र करायची आणि वर पाठवताना स्वतःची दीडपट चढवायची. वरच्या कचेरीतला माणूस त्याची भर घालत असणार. आणि समुद्रापलीकडे कारखान्यात बसलेल्या कुणाला तरी हा डोंगर दिसत असणार, आणि त्यातला खरा किती नि हवेचा किती हे न कळल्यामुळे तो घाबरून थोडंच बनवत असणार. थोडं आलं की दुकानदार पुढच्या खेपेला ऐंशी मागणार. कुणीच मुद्दाम टंचाई केली नव्हती. प्रत्येकाने फक्त आपल्यापुरतं, थोडंसं, मुद्दाम केलं होतं.

कॉलेजात रसायनशास्त्राच्या बाई शिकवायच्या : प्रक्रिया कितीही पायऱ्यांची असो, तिचा वेग सगळ्यांत मंद पायरी ठरवते. ती पायरी शोधा, बाकीचं सोडून द्या. किती आवडलं होतं तिला ते! जगातल्या प्रत्येक उशिराला एक नेमकी जागा असते, आणि तिथे बोट ठेवता येतं...

दुपारी साहेब स्वतः टेबलाशी आले. “तुमचा फॉर्म राहिलाय. थांबवलेल्या मालातला एकेक नग स्टाफला घेता येईल असं मी सांगून महिना झाला. सगळ्यांनी भरले. सोमवारी केबल येतायत, मग सगळा माल दुकानांना. उद्या दुपारपर्यंत द्या बुवा.”

“केबलशिवाय घेऊन करायचं काय?” तिने विचारलं. आवाज अगदी सहज आला.

“अहो, तिचं तोंड साध्या रेडिओच्या केबलसारखंच आहे. घरोघरी पडलेली असते एक.”

हे तिला माहीत होतं. पहिल्याच दिवशी खोकं उघडून, केबलचं तोंड आणि त्यावरचे व्होल्टचे आकडे तपासून तिनेच तो अहवाल लिहिला होता. तशी एक केबल तिच्या स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात होती, रबर लावून गुंडाळलेली. आणि फॉर्म टेबलाच्या वरच्या खणात. दोन्ही खण ती रोज उघडत होती.

विसरले, असं म्हणता आलं असतं. कामाच्या रगाड्यात राहून गेलं. पण गोदामातल्या चार हजार नगांपैकी कुठला कुठल्या फळीवर आहे हे झोपेत सांगणारी बाई एक कागद विसरते, यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. मग काय, मुद्दाम? बाबांचा हात बरा होऊ नये असं मला वाटतं? छे! रोज रात्री मीच तो चोळते, एकेक बोट मोजून... मोजून, हो. आणि सकाळी बटणं लावते. नऊ वर्षं ती आपल्या घरात एकटीच, ओट्याशी उभ्यानेच जेवली होती; आता संध्याकाळी कुलूप उघडायच्या आतच आतून आवाज येई, “आल्या का गोदामबाई?”

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. बाबांचं काम गावोगाव फिरून जमीन मोजण्याचं. तिच्या लहानपणी ते महिन्यातून चार दिवस घरी असायचे. “बाबा मुद्दाम राहतात का गं तिकडे?” तिने एकदा आईला विचारलं होतं. “मुद्दाम कोण राहील? काम असतं,” आई म्हणाली होती, आणि वाटाणे सोलत राहिली होती. पण चार दिवसांचे बाबा किती मोठे वाटायचे! त्यांनी आणलेली साधी पेन्सिलसुद्धा ती तासत नसे, संपेल म्हणून.

घरी बाबा खिडकीशी बसले होते. तिने सूप गरम केलं, दोन वाट्या आणल्या, समोर बसली. उद्या फॉर्म द्यावा, खोकं आणावं, ‘आला बरं का माल’ म्हणावं. कुणाला काही कळणार नाही. सगळं ठरवून झालं होतं.

“बाबा, माल आहे,” ती म्हणाली.

“आला?”

“आहे. एकतीस. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत त्याच्या आधीपासून.”

बाबांचा चमचा वाटीच्या काठावर टेकला. “विकता येत नव्हता?”

“दुकानांना नाही. मला घेता येत होता. एक कागद भरायचा होता फक्त.”

“बरेच दिवस झाले की गं.”

“हो.”

त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मोजणीच्या खुणेकडे बघावं तसे डोळे बारीक करून. सकाळची थट्टा कुठेच नव्हती.

“मुद्दाम?”

नाही — ओठांपर्यंत आलं होतं. चिप, जहाजं, कामाचा रगाडा, सगळी कारणं ओळीने तयार होती आणि एकही खोटं नव्हतं. पण हो म्हणावं तर तेही पुरतं खरं नव्हतं. इतके दिवस या दोन शब्दांच्या मधल्या जागेत ती अंग चोरून राहिली होती, आणि तिथे सुरक्षित वाटायचं, कारण तिथे दुसरं कुणी येत नव्हतं. आता बाबा आले होते. ते जातील, घर पुन्हा गप्प होईल, ही भीती होतीच अजून. फक्त त्या भीतीकडे बघायला या क्षणी तिला वेळ नव्हता. ते रागावतील का? रागावू देत. ते काय म्हणतील याचा तिला मुळीच अंदाज करता येत नव्हता, आणि तिला ते ऐकायचं होतं.

“मला माहीत नाही, बाबा,” ती म्हणाली, आणि खाली न बघता बसून राहिली.