रिकामी जागा ठेवायची नाही

"बाबा, मला पण न्या ना."

हा आवाज फार जुना. वरच्या मजल्यावरच्या खिडकीचे गज धरून उभा असलेला, नुकता कुठे बोलायला लागलेला मुलगा, आणि खाली रस्त्यावर घरघरणारा गोदामाचा टेंपो. मागे बसलेले गडी घाई करायचे, "चला मुकादम, गिऱ्हाइकाचं जहाज सुटेल." मुकादम मान वर करून रोज एकच उत्तर द्यायचे, "आज नको राजा. उद्या नेतो."

मुलाची आई तो रांगत असतानाच गेली. तेव्हापासून उजाडलं की पोर शेजारच्या मावशीकडे आणि मुकादम लोकांच्या घरी. परदेशी निघालेल्यांची बिऱ्हाडं खोक्यांत भरायची, खोक्यांवर नावं घालायची, खोकी बंदरावर पोचवायची, हा त्यांचा धंदा. कुणाची कपाटं, कुणाचे पाळणे, कुणाच्या गेलेल्या माणसांच्या तसबिरी. साऱ्या जगभर त्यांनी संसार पाठवले आणि स्वतः बंदराच्या फाटकापलीकडे कधी गेले नाहीत. पोराला सांगितलेला तो उद्याही कधी उगवला नाही.

आता ते पोर चाळिशीला टेकलं होतं, आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून देश निवडत होतं.

कारण होती भिंगरी, मुकादमांची नात. पाळण्यात हातपाय असे फिरवायची की आजोबांनीच हे नाव ठेवलं. नाव भिंगरीचं, पण चार पावलं पळाली की छातीत शिट्टी वाजायची. समोर कारखान्याची चिमणी, खाली गाड्यांचा धूर, खिडकी पुसावी तर फडकं काळं. डॉक्टरीणबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "औषध मी देईन हो, पण हवा कुठून देऊ? कोरडी, स्वच्छ हवा असेल तिथं न्या हिला."

मग शोध सुरू झाला. भाडं परवडायला हवं, दवाखाना हाकेच्या अंतरावर हवा, शाळा बरी हवी, शेजारी तोंड उघडून बोलणारे हवेत. मुलाचं काम कुठूनही चालणारं होतं, त्यामुळे सारं जग मोकळं होतं. रोज संध्याकाळी स्थळ सांगून यावं तसा एकेक देश टेबलावर यायचा.

"हा बघ. भाडं आपल्या इथल्याहून कमी," मुलगा म्हणायचा.

"एवढा स्वस्त? मग काहीतरी खोट असणार." सून कांदा चिरता चिरता म्हणायची.

"हिवाळ्यात ऊन नसतं म्हणे. महिनोन्महिने."

"म्हणजे भाड्यात वाचलेलं दिव्यात जाणार. पुढचा दाखव."

यातलं सगळं ठाऊक असल्यासारखे मुकादम मध्ये पडायचे. त्यांनी देश पाहिले नव्हते, पण परत आलेली खोकी पाहिली होती. "तो नको. तिथं जाताना लोक पंखे नेतात आणि येताना शेगड्या आणतात. बेभरवशाची हवा."

"बाबा, तुमचा भूगोल सगळा पुठ्ठ्याचा," सून हसायची.

असे गाळत गाळत दोन देश उरले. घरात त्यांना नावं पडली: डोंगराचा आणि समुद्राचा.

डोंगराच्या देशाचं नाव निघालं त्या आठवड्यात मुकादमांनी आपला जुना तपकिरी कोट पेटीतून काढला आणि खालच्या शिंप्याकडे नवं अस्तर लावायला टाकला. कोट तयार झाला, तशी ते भर उन्हात तो घालून खाली रस्त्याकडेच्या बाकावर, रोजच्या मित्रांत, जाऊन बसले. न्हावी म्हणाला, "मुकादम, हा घाम की परदेश?" शिंपी म्हणाला, "हसू नका. डोंगरावरच्या बायका वळून बघतील असं अस्तर लावलंय." मुकादमांनी नुसती कॉलर नीट केली. चेहरा मात्र नव्या कपड्यातल्या मुलासारखा झाला होता.

तसाच कोट अंगात घालून ते वर आले. गॅलरीत कपडे वाळले होते म्हणून दोरीवरून काढू लागले. स्वयंपाकघरात मुलगा आणि सून बोलत होती.

"डोंगराच्या देशात आईवडिलांना राहायला परवानगी नाही," मुलगा म्हणत होता. "आत्ताच कळलं. भेटीला या आणि परत जा. समुद्राच्या देशात मात्र नेता येतं. समुद्राचाच घेऊ. बाबांना टाकून मी कुठंही जाणार नाही."

"मी तरी टाका म्हणतेय का?" सूनबाईचा आवाज बसलेला होता. "पण काल पुन्हा तिला उचलून जिना चढले रे. ओठ निळे पडले होते तिचे. डॉक्टर म्हणतात कोरडी हवा. समुद्राला कोरडा कसा करू मी?"

मुलाने वाहता नळ बंद केला.

"बाबांना विचारूया?"

"नाही. विचारलं की ते नको म्हणतील, आणि मग आपण सुटलो असं आपल्याला वाटेल. तसं सुटायचं नाहीये मला."

गॅलरीत मुकादमांच्या हातात कपड्याचा चिमटा होता. तो त्यांनी कोटाच्या खिशात टाकला. उरलेले कपडे दोरीवर तसेच राहिले. ते हळूच आपल्या खोलीत गेले, कोट काढला, खुंटीला लावला, आणि त्याच्या एका बाहीवर बराच वेळ हात ठेवून उभे राहिले.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय स्वतःच काढला.

"समुद्राचा देश? छे. अरे, तिथून परत आलेली खोकी मी या हातांनी उघडली आहेत. कपड्यांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, गाद्यांना तर विचारू नका. एका बाईंच्या पियानोवर अळंबी उगवली होती, तो वाजवायचा की भाजीला चिरायचा ते कळेना."

भिंगरी खुदकन हसली. मोठी माणसं हसली नाहीत.

"पोरीची छाती तिथं महिनाभर टिकायची नाही. डोंगरावर जा तुम्ही."

"आणि तुम्ही?" मुलाने विचारलं.

"मी कशाला? या वयात परक्या भाषेत 'बरंय ना' म्हणायला शिकू? गुडघा हा असा. डोंगर चढायचा तर मलाच खोक्यात घालून न्यावं लागेल. आणि खाली बाकावर माझी चांडाळचौकडी आहे. ते म्हातारे माझ्यावाचून बोलणार कुणाविरुद्ध?"

"बाबा, खरं सांगताय?"

"खोक्यांच्या बाबतीत मी कधी खोटं बोललोय?"

त्या संध्याकाळपर्यंत कधीच बोलले नव्हते. समुद्राच्या देशाला त्यांनी कितीतरी बिऱ्हाडं पाठवली होती, पण तिथून एकही खोकं कधी परत आलं नव्हतं. गेलेली माणसं तिथेच रमली होती, म्हातारे आईवडील धरून. मुकादम हे पुरतं जाणून होते. पण डॉक्टरीणबाईंचे 'कोरडी हवा' हे शब्दही त्यांना पाठ होते.

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली आणि त्यांच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. ते नको म्हणाले नाहीत.

सामान भरायला दुसरा कुणी आणायचा नाही, असं मुकादमांनी बजावलं होतं. कितीतरी दिवसांनी त्यांनी बाह्या दुमडल्या, चिकटपट्टीचं रीळ मनगटात अडकवलं आणि गड्यांना ऐकवायचे ते गाणं गुणगुणायला लागले:

*भर बाई भर, कोपरा न् कोपरा,*
*हलेल ते फुटेल, जीव जरा सावरा.*

"आजोबा, एवढं गच्च का भरतोस?" फुग्यांच्या प्लॅस्टिकमधला एकेक फुगा फोडत भिंगरीने विचारलं. तोंडाने फुगा फुगवणं तिला जमायचं नाही, म्हणून फोडण्याची हौस दांडगी.

"रिकामी जागा राहिली की सामान आतल्या आत आपटतं. वाटेत कुणाला कळत नाही. पोचल्यावर उघडलं की तुकडे. म्हणून रिकामी जागा ठेवायची नाही."

"आणि माझा दिवा शेवटी का?"

"पोचल्या पोचल्या जे लागेल ते सगळ्यात शेवटी भरायचं. म्हणजे ते आधी हाताला येतं."

शेवटच्या खोक्यात भिंगरीचा दिवा गेला, तिचं जुनं वाफेचं यंत्र गेलं, तिचा कान तुटलेला पेला गेला. आणि एका बाजूला हातभर जागा उरली. कागदाचे बोळे जमिनीवर ढीगभर पडले होते. मुकादमांनी एकदा त्या जागेकडे पाहिलं. मग खोलीत जाऊन खुंटीवरचा कोट आणला, बाह्या छातीवर दुमडून घडी केली आणि ती जागा भरून टाकली.

"बाबा," सून दारातून म्हणाली, "कागद आहे की."

"कागद दबतो पोरी. कोट दबत नाही. आणि मला इथं कसली आलीये थंडी?"

ती चिकटपट्टी शोधायला वळली. चिकटपट्टी तिच्या हातातच होती.

निघायच्या सकाळी मुकादम खाली उतरले नाहीत. गुडघ्याचं निमित्त केलं. ते खिडकीशी उभे राहिले. खाली टॅक्सी घरघरत होती, चालक हॉर्न देत होता. मुलाने दार उघडलं, पुन्हा लावलं, आणि मान वर केली.

"बाबा, भेटीला बोलावतो हं. लवकरच."

मुकादमांनी खिडकीचे गज धरले. शब्द अगदी दातांपर्यंत आले. ते त्यांनी गिळले आणि हात हलवला. "जा, जा. विमान सुटेल," असं मोठ्याने म्हणाले. टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही हात वरच राहिला होता.

मग घर म्हणजे चार भिंती झाल्या. खुर्ची ओढली तरी आवाज घुमायचा. बाकावर चौकडी जपून बोलायची. न्हाव्याने कोटाची चौकशी केली, तेव्हा शिंप्याने त्याच्या पायावर पाय दिला. घरी आल्यावर मुकादम खिडकी पुसायचे. फडकं काळं झालं की उलटं करून पुन्हा पुसायचे.

खोकी जहाजाने गेली होती. ती पोचली त्या दुपारी फोन आला.

"आजोबा!" भिंगरीच होती. "अरे, मी टेकडीवरून पळत आले. सगळी टेकडी. आईला विचार. शिट्टी वाजलीच नाही."

"मुळीच नाही?"

"एकदाही नाही. थांब, मी फुगा फुगवते, ऐक हं."

फोनमधून श्वासाचा आवाज आला, लांबलचक, न तुटणारा. मुकादमांनी फोन कानाशी दाबून धरला. इतकं सुरेल काही त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मग फुगा सुटून घरभर फुरफुरत गेला आणि त्याच्यामागे ती पळाली. फोन मुलाने घेतला.

"ऐकलंत?"

"ऐकलं रे. हवा बरोबर निवडलीस."

"तुम्ही निवडलीत. शेवटचं खोकं आधी उघडलं, तुम्ही सांगितलं तसं. वरच तुमचा कोट. ओल लागली नाही, काही नाही. मी घातलाय आत्ता."

"होतोय?"

"खांद्यात मोठा होतो. आणि खिशात कपड्याचा चिमटा निघाला, बाबा. ही बघून रडायलाच लागली. म्हणाली, त्या दिवशी अर्धे कपडे दोरीवर राहिले होते. कळूनही मी गप्प बसले, म्हणाली."

मुकादम खिडकीबाहेर बघत होते. चिमणीचा धूर सरळ वर चालला होता.

"तिला सांग, रडू नको. पोरीची छाती बघ म्हणावं."

"बाबा, बुरशीचं खोटं होतं ना?"

मुकादमांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्हाला यायचंच नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. तेवढं तरी खरं होतं का? एकदाच सांगा. मी काही करू शकत नाही, मला माहीत आहे. पण सांगा."

चिमटा त्या खिशात कसा गेला याच्या दहा गोष्टी मुकादमांना सांगता आल्या असत्या. एखादा विनोदही तयार होता. त्यांनी तोंड उघडलं. दुसऱ्या हाताने खिडकीचा गज धरला होता, खालच्या बाजूचा, लहान मुलाच्या उंचीवर येतो तो. तिकडून मुलाचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे कुठेतरी भिंगरीची धावती पावलं.

"मला पण ने ना रे," ते म्हणाले.