तानबाची फुंकर

मी नळी बोलतेय. बंदुकीची म्हटलं तर तुम्ही दचकाल, म्हणून आधीच सांगते, खेळातल्या बंदुकीची. रंग भरलेल्या गोळ्या मारायच्या, ज्याच्या अंगावर गोळी फुटेल तो बाद, असा तो खेळ. सध्या माझा मुक्काम हिंगणीत आनंदाबाईच्या चुलीपाशी आहे. टोक काळं पडलंय आणि मी फुंकणीचं काम करते. इथवर कशी आले ते सांगते. ऐकून बरं वाटेल असं त्यात काही नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. हातभर लांब, ॲल्युमिनियमची, आतून इतकी गुळगुळीत की बोट घातलं तर घसरावं. काही वर्षं पुण्याच्या एका मैदानावर काढली. मग दहा बंदुका जुन्या भावात विकल्या गेल्या आणि २००६ साली मी वर्ध्याला उतरले. विकत घेणारा प्रफुल, कापडवाल्या प्रभाकररावांचा मुलगा. बापाला वाटे पोरानं गादीवर बसावं. पोराला मीटर धरून कापड मोजायचा भारी कंटाळा. बोर धरणाच्या रस्त्याला त्यांची पडीक जमीन होती, तिथं त्यानं डांबराचे पिंप मांडले, टायर रचले, तीन बाजूंनी जाळी लावली आणि 'मचाण' अशी पाटी ठोकली. चौथ्या बाजूला जाळी पुरली नाही, म्हणून नुसता दोर बांधला.

त्या दोराचं पुढं बघा.

राखणीला हिंगणीचा तानबा ठेवला. उभा जन्म तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून पेरणी केलेला माणूस. दाणा नळीतून कसा सुटतो हे त्याच्या बोटांना कळे, म्हणून माझं मर्मही त्याला पहिल्याच दिवशी उमगलं. बंदुका विकणाऱ्या पुण्याच्या माणसानं एकदाच दाखवलं होतं. रंगाच्या गोळ्या दिसायला सारख्या, पण केसभर लहानमोठ्या असतात. गोळी माझ्यात ठेवायची आणि फुंकायचं. फुंकूनही हलली नाही तर ती घट्ट, आतच फुटेल, मला रंगानं बरबटवेल आणि पुढची गोळीही भलतीकडे जाईल. न फुंकताच घरंगळली तर ती सैल. तिला ढकलणाऱ्या गॅसचा जोर बाजूनं निसटतो, ती माझ्या भिंतींवर आपटत जाते आणि बाहेर पडल्यावर कुठं वळेल ते देवालाच ठाऊक. हलक्या फुंकरीनं निघाली, तर ती माझ्या मापाची.

दर रविवारी सकाळी तानबा मला ओठाला लावी. खोक्यातल्या दहा-वीस गोळ्या फुंकून पाही आणि मगच बाकीच्या बंदुकांत भरी. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येई. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू!

त्याची मुलगी अंकिता तेव्हा पोलीस भरतीच्या मागे होती. पहाटे कालव्याच्या रस्त्यानं धावायची, मग मचाणावर येऊन खेळणाऱ्यांना पाणी द्यायची. नजर अशी की सेलूकडून येणाऱ्या एसटीची पाटी वळणावरच वाचून दाखवायची. तानबा मुद्दाम विचारायचा, "कोनती हाय वं?" आणि ती सांगायची. गाडी जवळ आली की तो पाटी निरखायचा आणि स्वतःशीच हसायचा. मैदानी चाचणी तिनं काढली होती. लेखी बाकी होती. घरात दुसरा विषय नव्हता.

दुसऱ्या वर्षीचा श्रावण आला. मचाणावरच्या सामानाच्या खोलीत ओल धरली आणि गोळ्यांना घाम फुटला, एकमेकींना चिकटल्या. रंगगोळीचं कवच जिलेटिनचं. दमट हवेत फुगतं, वाळलं की आक्रसतं. हे आनंदाबाईला, म्हणजे तानबाच्या बायकोला, कोण सांगणार? ती झाडायला आली, खोकं उघडून पाहिलं आणि घाबरली. माल खराब झाला, आता मालक आपल्याच माणसावर घसरणार. सरकी असो, तुरी असो, ओल लागली की ऊन दाखवायचं, हे तिचं जन्माचं शहाणपण. त्या आठवड्यात उघाडही होती. तिनं खोकं घरी नेलं, तानबा मचाणावर असताना अंगणात जुनं लुगडं पसरलं आणि वड्या वाळवाव्यात तशा गोळ्या तीन दिवस वाळवल्या. कोंबड्या हाकलत बसली. चौथ्या दिवशी त्या कशा कोरड्या खडखडीत वाजतात, म्हणून खूश होऊन परत खोक्यात भरल्या. माऊलीच्या मनात वाईट कणभर नव्हतं.

रविवारी तानबानं गोळी माझ्यात ठेवली. ओठ लावायच्या आधीच ती घरंगळून त्याच्या तळहातावर पडली. दुसरी तशीच. तिसरी तशीच, आणि तिला खळगाही पडलेला. वीस गोळ्या पाहिल्या, एकही ठरेना. आनंदाबाईला विचारलं तेव्हा तिनं कौतुकानं सगळं सांगितलं. तानबा उठला आणि प्रफुलकडे गेला.

"प्रफुलभाऊ, गोळ्या सैल झाल्या. नळीत ठरूनच नाई राह्यल्या. वाकड्या जातीन."

सावंगीच्या मेडिकलच्या पोरांच्या दोन गाड्या फाटकात उभ्या होत्या. प्रफुल त्यांच्याकडे पाहतच म्हणाला, "रंगच हाय ना तानबा, बारूद थोडीच हाय? वाकडी गेली तर हसतीन पोरं."

तानबा मागं वळला. जास्त बोलला असता तर गोळ्या अशा कशा झाल्या हे निघालं असतं, मग बायकोचं नाव, मग दोघांचं काम.  त्यानं बंदुका भरल्या. निदान पोरीला तरी सांगायचं होतं, की आज दोरापाशी उभी राहू नको. तेही राहून गेलं. डोळे झाकणारा मुखवटा दोराच्या आत सक्तीचा होता, बाहेर कोणी घालत नसे.

मी एका उंच पोराच्या हाती गेले. त्यानं पिंपामागच्या आपल्या मित्रावर नेम धरला. नेम चांगला होता, त्या पोराला मी कधीच बोल लावणार नाही. गोळी सुटली ती माझ्या उजव्या भिंतीवर आदळली, मग डाव्या, आणि बाहेर पडली. मला धरता येत असतं तर मी धरली असती हो! पण नळीला काही मूठ नसते.

पिंपाच्या पाच-सहा हात उजवीकडे, दोराबाहेर, अंकिता तांब्या घेऊन उभी होती.

वाळून टणक झालेली गोळी फुटलीसुद्धा नाही. रंग उडाला नाही, म्हणून काय झालं हे आधी कोणाला कळलंच नाही. तांब्या पडल्याचा आवाज आला तेव्हा सगळे वळले. तो उंच पोरगा रडत धावला, तिच्या डोळ्यावर रुमाल धरला आणि मित्रांच्या मदतीनं तिला गाडीत घालून इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरांनी शर्थ केली. उजवा डोळा गेला तो गेलाच.

लेखी परीक्षेचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. तिनं ते वाचलं आणि घडी घालून ट्रंकेत ठेवलं.

मचाण बंद झालं. प्रफुल निमूट गादीवर बसला. बंदुका भंगारात गेल्या, पण तानबानं मला काढून लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून घरी आणलं आणि माळ्यावर टाकलं. का आणलं हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. आनंदाबाईची फुंकणी गंजली होती. माळ्यावर हात फिरवताना मी सापडले आणि ती मला चुलीपाशी घेऊन आली. तानबानं पाहिलं. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून तो गप्प बसला. 

अंकिता चहा ओतते तेव्हा पहिली धार कपाबाहेर पडते. एका डोळ्याला अंतर कळत नाही. ती पुसून घेते आणि पुन्हा ओतते. सुरुवातीला माय पुसायला धावायची, आता नाही धावत.

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना तिला बापाची तंबाखूची जुनी डबी सापडली. आत एक गोळी होती, वाळकी, खळगा पडलेली. तिनं ती बोटांत फिरवून पाहिली. मग चुलीपासून मला उचललं, धुतलं, पुसलं आणि गोळी माझ्यात टाकली. बापाला दर रविवारी करताना पाहिलेलं होतं ना! गोळी तिच्या तळहातावर आली. तिनं पुन्हा टाकली, पुन्हा आली.

तानबा उंबऱ्यात बसला होता.

"बाबा, त्या दिवशी तुमी फुकून पाह्यलं होतं?"

तानबा मान खाली घालून म्हणाला, "फुकायचं कामच नाई पडलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

आनंदाबाई मधे पडली, की ऊन मीच दाखवलं, माझ्याच हातानं झालं. अंकितानं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"तुले नाई ईचारत मी, माय."

  अंकिता बापाला वेळेवर ताट देते, पाणी देते, औषध देते. बोलत मात्र नाही. वर्ष होत आलं.

माझं म्हणाल तर मी आता राखेत बरी आहे. मला घासूनपुसून पुन्हा कोणी बंदुकीला लावू नये एवढीच विनवणी. आणि तुमच्यापैकी कोणाच्या तळहातावर अशी एखादी गोळी न फुंकता येऊन पडली असेल, तर बाबांनो, ज्याला सांगायचं त्याला सांगून टाका. मालकानं ऐकलं नाही तर घरच्यांना सांगा.

परवा सकाळी आनंदाबाई पाण्याला गेली होती. वळणावर एसटी वाजली. तानबानं सवयीनं विचारलं, "कोनती हाय वं?"

अंकिता चुलीपाशी होती. तिनं मला उचललं आणि विस्तव फुंकत राहिली. गाडी थांबली, गेली. तरी ती फुंकतच होती.