गप्प बसण्याचा वर्ग

आरोग्य केंद्राच्या मुख्य नर्सबाईंचं पत्र आलं, आणि त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्र साधंच होतं. केंद्रातल्या नर्स, लसीकरणाच्या बाई, पाळणाघर चालवणाऱ्या बाई, समाजकल्याण खात्याचे कार्यकर्ते अशा सगळ्यांना लहान मुलांच्या मनाच्या दुखण्यांबद्दल शिकवायचं होतं. 'आपण इतकी वर्षं गप्प मुलांना बोलतं केलंत, ती पद्धत आमच्या लोकांना शिकवा,' असं त्यांनी लिहिलं होतं.

पंचाईत तीच होती. मी मुलांच्या मनाचा डॉक्टर होतो हे खरं, पण पद्धत म्हणावी असं माझ्याकडे काही नव्हतं. मी मुळात लाजाळू. मूल समोर येऊन बसलं की काय बोलावं ते मला सुचायचं नाही. मीही गप्प, मूलही गप्प. शेवटी कंटाळून मूलच बोलायला लागायचं. लोक म्हणायचे, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. मी मात्र घरी येऊन पुस्तकं चाळायचो, आपण केलं त्याला काही शास्त्राधार सापडतो का म्हणून. सापडायचाही. पण चारचौघांपुढे उभं राहून तो सांगणं मला कधी जमलं नाही.

थोरली बहीण माझ्याकडेच राहते. टेबल आवरताना तिला पत्र दिसलं.

"उत्तर दिलंस का रे?"

"विचार करतोय, ताई."

"कर, कर. तुझा विचार होईपर्यंत त्या पोरांना नातवंडं होतील."

शेवटी मुख्य नर्सबाईच दारात उभ्या राहिल्या. "उत्तर नाही, म्हटलं डॉक्टर आहेत की नाहीत ते तरी बघावं."

"आहे हो, पुस्तकाच्या मागे बघा," ताई म्हणाली.

नर्सबाईंनी फार गळ घातली नाही. "शनिवारी पहिल्या वर्गाला नुसते येऊन बसा. एक शब्द बोलायला लावणार नाही," म्हणाल्या. एवढ्यावर नाही कसं म्हणायचं?

केंद्रातल्या वरच्या खोलीत वजनकाटा भिंतीला सरकवून खुर्च्या गोल मांडल्या होत्या. लसींचा फ्रीज मधूनच गुरगुरत होता. सराव असा होता की एकाने मूल व्हायचं आणि दुसऱ्याने त्याच्याशी बोलायचं. आधी प्रत्येकाने आपण का आलो ते सांगितलं. लसीकरणाच्या बाईंचा आवाज मोठा, पण सांगताना तो खाली आला.

"एक मुलगी आहे. आजीबरोबर येते, धाकट्या भावाला टोचायला आणतात तेव्हा. घरात पोपटासारखी बोलते म्हणे, पण उंबऱ्याबाहेर अवाक्षर नाही. बालवाडीवाले म्हणतात, मुकी आहे, घेऊन जा. मोठ्या इस्पितळात न्यायचं तर आख्खा दिवस मोडतो, आजी काही नेणार नाही. म्हणजे उरले कोण? मीच ना!"

पाळणाघरवाल्या बाई मूल झाल्या. त्यांनी असं काही भोकाड पसरलं, की खालून शिपाई धावत आला.

"अहो, इतकं कुठलं मूल रडतं?" कोणीतरी म्हणालं.

"एक दिवस या आमच्याकडे!" त्या पदर सावरत म्हणाल्या.

हसणं थांबल्यावर मुख्य नर्सबाईंची नजर माझ्यावर आली. "डॉक्टर, गप्प मुलगा व्हाल? बोलायचं नाहीच आहे."

मी बुटक्या खुर्चीवर जाऊन बसलो. अभिनय करावा लागला नाही. समाजकल्याणचे कार्यकर्ते पुढे सरसावले. "नाव काय? इयत्ता कुठली? घरात माणसं किती? टीव्ही किती वेळ बघतोस?" मी बुटांकडे बघत राहिलो. मग लसीकरणाच्या बाई आल्या. उकिडव्या बसल्या, माझा दंड घट्ट पकडला आणि म्हणाल्या, "झालं, झालं! काही दुखत नाही हं!"

सगळी खोली हसत सुटली. "अहो, पण सुई कुठाय?"

बाईंनी आपल्याच हाताकडे बघितलं आणि चटका बसल्यासारखा तो काढून घेतला. "सवय हो मेली!"

त्या खाली फरशीवर बसल्या. बोलायला तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. मग लसींची रिकामी खोकी ओढून त्यांनी मनोरा रचायला घेतला. सगळ्यांत लहान खोकं तळाला. माझा जीव वर-खाली होत होता.

"मोठं खाली ठेवा," मी म्हणालो.

"बोलले! डॉक्टर बोलले!" टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मी पुन्हा मान खाली घातली. मग कसाबसा पुटपुटलो, "बघा, टाळ्या वाजवल्या की हे असं होतं."

दोघी-तिघींनी ते वहीत लिहून घेतलं. मी लिहिण्यासारखं काय बोललो ते मला कळेना. निघताना मुख्य नर्सबाईंनी विचारलं, "मग पुढचे वर्ग घ्याल?" मी "बघतो" म्हणून जिना उतरलो.

नंतरच्या आठवड्यात लसीकरणाच्या बाई धापा टाकत घरी आल्या. चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या, "बोलली हो ती, सर!"

"काय बोलली?"

"मी नुसती तिच्या शेजारी बसले. खोकी रचत होते. भावाला टोचायची वेळ आली तशी हळूच विचारते, 'दुखतं का?' माझ्या ओठांवर आलंच होतं, छे, मुंगी चावल्यासारखं! पण गिळलं. म्हटलं, 'हो, दुखतं थोडं.' तर म्हणते, 'मग तू दर वेळी खोटं का सांगतेस?'"

ताईला हसू आवरेना. "अचूक पकडलंन् की!"

"हसू नका हो. माझी तर बोबडी वळली. आता पुढे काय करू, सर? बालवाडीत सांगू का, की मुलगी बोलली म्हणून? परत आली तर सगळ्यांसमोर बोलायला लावू?"

"मुळीच नाही," मी म्हणालो. "कोणासमोर बोलून दाखवायला लावू नका. कौतुकही बेतानंच करा. तिनं विचारलं त्याचं खरं उत्तर द्या, म्हणजे ती पुढचं विचारेल. बालवाडीच्या बाईंना एवढंच सांगा, की हजेरीला हात वर केला तरी चालेल. आणि आजीला म्हणावं, तिच्या वतीनं उत्तरं देऊ नका. थोडं थांबा..."

त्या एकामागून एक शंका काढत गेल्या आणि मी बोलत गेलो. भीती वाटायची राहूनच गेली होती. उठताना बाई म्हणाल्या, "हे सगळ्यांनी ऐकायला हवं होतं. पण मुख्य बाई म्हणतात, तुमचं लेखी आल्याशिवाय पुढचे वर्ग लावता येणार नाहीत. मग या पोरीसारख्यांचं कोण बघणार?"

त्या गेल्यावर ताई म्हणाली, "मघाशी एवढा वेळ कोण बोलत होतं रे? शेजारचे?"

मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात माझ्या अपात्रतेचा सविस्तर इतिहास होता, दोन ग्रंथांच्या हवाल्यांसह. ताईनं तो वाचला.

"हे पत्र आहे की राजीनामा?"

मी कागद फाडला आणि दुसरा घेतला.

'पुढच्या शनिवारपासून येतो. भाषण करता येत नाही, त्याची अपेक्षा ठेवू नये. सगळ्यांनी खाली बसावं, मीही बसेन. लसीकरणाच्या बाईंना त्या मुलीबद्दल आधी बोलू द्यावं. उत्तराला उशीर झाला, क्षमस्व.'

पुन्हा वाचलं असतं तर पुन्हा फाडलं असतं. म्हणून लगेच पाकीट बंद केलं, चपला पायात सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आलो.