मोठ्या केंद्राखालचा आवाज

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. नंबराची काच फ्रेमच्या मापाला घासायची आणि नेमक्या कोनात बसवायची, हे तिचं काम. कोन जरासा चुकला तरी माणसाला सरळ जिना वाकडा दिसतो आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरतं, असं ती सांगायची. दुकानात दिवसभर असली बारीक कामं करून ती घरी यायची, जेवण उरकायची, आपल्या खोलीतला दिवा मालवायची आणि रेडिओ लावायची.

गाणी ऐकायला नव्हे. तिला लांबची केंद्रं पकडायचा नाद होता. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा फार लांब जात नाहीत, पण रात्री त्या वर आकाशावर आपटून परत खाली येतात आणि समुद्रापलीकडचं केंद्रही कधीकधी खरखरत का होईना, ऐकू येतं. आत्या डोक्याला हेडफोन लावून केसाएवढी केसाएवढी कळ फिरवायची. आणि नुसतं ऐकू आलं एवढ्यावर भागायचं नाही. ते केंद्र कोणतं, हे त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय ती ते पकडलं असं मानायची नाही.

आई तिला म्हणायची, "वन्सं, तिकडच्या हवामानाचा अंदाज ऐकून इकडे छत्री न्यायची की नाही ते ठरवणार का तुम्ही?"

"मला कुठे कळतंय गं, अंदाज सांगतायत की भांडतायत ते," आत्या म्हणायची.

हा नाद असलेल्या लोकांचं गावात एक मंडळ होतं. मोजकी माणसं, महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायची आणि कोणी काय पकडलं ते एकमेकांना ऐकवायची. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे वायरलेसकाका. तरुणपणी ते मालवाहू जहाजांवर वायरलेसचं काम करत, म्हणून हे नाव. जगातलं कुठलं केंद्र कुठून बोलतं, हे त्यांना आपल्या घरातल्या खोल्यांसारखं ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात एका बैठकीत आत्याने सांगितलं की आपण बेटावरचं केंद्र ऐकलं. ते बेट नकाशात शाईच्या ठिपक्याएवढं आहे आणि तिथलं केंद्रही तसंच लहान. आसपासच्या मच्छीमार बोटींना हवा सांगण्यासाठी चालवलेलं. आत्याला अर्ध्या मिनिटापुरता घंटेसारखा सूर ऐकू आला होता आणि मग एका बाईचा आवाज. पुढचं सगळं खरखरीत बुडालं.

वायरलेसकाकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, रेडिओच्या पट्टीवर त्याच जागी एक मोठं केंद्र बोलतं. त्याच्या सुरुवातीलाही तसाच सूर असतो, लाकडी पट्ट्यांवर वाजवलेला. तुम्ही ते ऐकलं असणार."

"मला घंटा वाटली."

"वाटणारच. माझी निम्मी नोकरी त्या समुद्रात गेली. ते बेटावरचं केंद्र आम्हाला दोन दिवसांच्या अंतरावरून जेमतेम ऐकू यायचं. इथून येणं शक्य नाही." जरा थांबून ते म्हणाले, "आणि आता तर प्रश्नच मिटला. या महिनाअखेरीला ते बंद करतायत. बोटींना हवा फोनवरच कळते म्हणे."

आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना आत्या म्हणाली, "त्यांचं बरोबर असेल, किंवा माझं. महिना संपायच्या आत ठरवायला पाहिजे."

आणि नेमकं तेव्हाच विघ्न आलं. दुसऱ्या रात्री रेडिओ लावला तर सगळ्या पट्ट्यावर घर्रघर्र. कळ कुठेही न्या, मागे कोणीतरी पिठाची गिरणी चालवतंय असं. आत्याने घरातले दिवे घालवले, फ्रीज बंद केला, शेवटी मेन स्विचच खाली ओढलं. आम्ही सगळे अंधारात बसलो आणि तिचा सेलवरचा रेडिओ आपला घर्रघर्र करतच राहिला.

"म्हणजे आपल्या घरातलं नाही," असं म्हणत ती लहानसा खिशातला रेडिओ घेऊन जिन्यात निघाली. मीही मागोमाग. ती प्रत्येक दाराशी थांबायची, रेडिओ दाराजवळ धरायची, आडवा करायची, उभा करायची आणि पुढे जायची. तळमजल्यावरच्या न्हाव्याने दार उघडून विचारलं, "काय हो, गॅस गळतोय का?" "नाही, रेडिओ खरखरतोय," आत्या म्हणाली. त्याने आमच्याकडे एकदा नीट बघितलं आणि दार लावून घेतलं.

आवाज वर जावं तसा वाढत गेला. वरच्या मजल्यावर शिवणबाई राहायच्या. घरी बसून कपडे शिवायच्या, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणायचे. त्यांच्या दाराशी रेडिओ नुसता ओरडायला लागला. शिवणबाईंनी आम्हाला आत घेतलं. आतल्या खोलीत त्यांचे यजमान पडून होते. लांब पल्ल्याचे ट्रक चालवणारा, दार भरून उभा राहणारा हा माणूस अर्धांगवायूने वर्षभर खाटेला खिळला होता. त्यांच्याखाली नवी हवेची गादी होती आणि खाटेच्या पायाशी तिचा पंप गुरगुरत होता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तो गादीच्या नळ्यांत आलटूनपालटून हवा भरायचा. आत्याने रेडिओ पंपाजवळ नेला, ऐकलं आणि बंद करून खिशात टाकला.

शिवणबाई म्हणाल्या, "याने त्रास होतो का ताई तुम्हाला? रात्री तासभर बंद ठेवते ना. आधी नव्हताच की हा पंप."

"आधी जखमा होत्या ना?" आत्याने विचारलं.

"होत्या."

"मग बंद करायचा नाही. कोणी सांगितलं तरी नाही. मी माझं बघते."

बघते म्हणाली खरी, पण पुढचे कितीतरी दिवस काही जमलं नाही. गच्चीवर गेली, तिथेही घर्रघर्र. दुकान बंद झाल्यावर मालकाच्या परवानगीने दुकानात बसून पाहिलं, तर बाहेरच्या दिव्यांच्या पाट्या वेगळ्याच सुरात रडत होत्या. महिना सरत आला. एका रविवारी तिने बाबांना गाठलं. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते लाँड्रीची गाडी चालवायचे. हॉटेलांच्या चादरी संध्याकाळी गोळा करायच्या आणि धुतलेल्या पहाटे पोचवायच्या.

"मला गावाबाहेर तळ्यावर सोड," आत्या म्हणाली. "जिथे विजेचा खांब नाही अशा जागी."

"रात्रीचं? ताई, थंडी बघितलीस का?"

"म्हणून तर गाडी पाहिजे."

"आणि ते केंद्र लागलं नाही तर?"

"तर दुसऱ्या दिवशी परत जायचं."

बाबांनी आईकडे बघितलं. आई भांडी पुसत म्हणाली, "माझ्याकडे काय बघता, बहीण तुमची आहे."

निघताना शिवणबाई खाली आल्या. त्यांच्या हातात यजमानांचा जाडजूड कोट होता, घाटात रात्री गाडी चालवताना घालायचा. "तळ्यावर वारा असेल," त्या म्हणाल्या. "हे स्वतःच म्हणाले, ताईंना दे म्हणून. आता एवढं बोलतायत ते." आत्याने कोट घातला. तो तिला घोट्यापर्यंत आला. त्यात ती तंबूतून डोकं काढल्यासारखी दिसत होती, पण कोणी हसलं नाही.

तळ्याच्या बांधावर काळोख होता. आत्याने गाडीच्या दिव्यात लांबलचक तार सोडली, झाडाझाडाला बांधत, जमिनीला टेकू न देता. एक टोक रेडिओला जोडलं. आम्ही मागच्या बाजूला इस्त्रीच्या चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये बसलो. तिने रेडिओ लावला आणि तिला हवी होती ती शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. घर्रघर्र नाही, काही नाही. नुसता बारीक, मऊ सळसळाट आणि त्यात लांबून येणारे माणसांचे आवाज.

पहिल्या रात्री पट्टीवरची ती जागाच नीट लागली नाही. दुसऱ्या रात्री लागली. केंद्रं आपलं नाव सांगतात तो तासाचा ठोका पडायच्या आधी आत्याने फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि एक हेडफोन माझ्या कानाला दिला. सूर आला. टण, टण, टण. मग बाईचा आवाज. मी आनंदाने आत्याचा हात धरला.

ती हलली नाही. चेहरा एकाग्र, काच घासताना व्हायचा तसा. आज आवाज इतका स्वच्छ होता की शंकेला जागाच नव्हती. सूर लाकडी पट्ट्यांचा होता आणि त्या बाईने मोठ्या केंद्राचं नाव सांगितलं, लख्ख, दोनदा.

"हेच ऐकलं होतं का तू तेव्हा?" मी ते नाव सांगितल्यावर बाबांनी विचारलं.

"हेच," आत्या म्हणाली. "हाच सूर, हीच बाई. काका बरोबर होते."

बाबांनी सुस्कारा सोडला आणि ते तार सोडायला उठले. आत्या म्हणाली, "कुठे चाललास?"

"आता काय राहिलं? तूच म्हणालीस, त्यांचं बरोबर असेल किंवा तुझं."

"मी ते ऐकलं नव्हतं, एवढंच ठरलं. ते ऐकू येत नाही, हे कुठे ठरलंय? बस खाली."

बाबा बसले. आत्याने फ्लास्कमधली कॉफी आम्हाला ओतून दिली, स्वतः घेतली नाही. मोठ्या केंद्रावर कोणीतरी लांबलचक भाषण करत होतं. माझे डोळे मिटायला लागले. मला जाग आली ती भाषण मध्येच तुटल्यामुळे. पाण्याचा नळ बंद करावा तसा तो आवाज थांबला. दुरुस्तीसाठी ते केंद्र कधीमधी रात्रीतून बंद ठेवतात, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की तिथे आता रिकामी जागा झाली आहे.

आणि त्या रिकाम्या जागेत तळाशी काहीतरी होतं. आधी मला ते माझ्याच श्वासासारखं वाटलं. मग ते भरून यायला लागलं, ओसरलं, परत भरलं. एक म्हातारा माणूस सावकाश, एकसुरी काहीतरी वाचत होता. मध्ये थांबायचा, कागद उलटायचा, परत वाचायचा. आत्याने डोळे मिटून घेतले होते. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग घंटा वाजली. खरी, पितळेची, हाताने हलवलेली. म्हाताऱ्याने बेटाचं नाव घेतलं. आत्याने एकदा मान हलवली, कोणी समोर उभं राहून ओळख करून दिल्यासारखी.

मोठं केंद्र परत सुरू झालं आणि सगळं त्याच्याखाली गेलं.

बाबा म्हणाले, "ताई, आलं का मुद्रणात?"

"आलंय," ती म्हणाली, आणि मग तिने डोळे पुसले. कोटाची बाही इतकी लांब होती की रुमाल शोधावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून सुटल्यावर ती मला घेऊन वायरलेसकाकांकडे गेली. आधी तिने सांगितलं, "काका, तेव्हा मी मोठंच केंद्र ऐकलं होतं. तुमचं बरोबर होतं." मग फोन टेबलावर ठेवला. "आणि हे काल रात्रीचं."

काकांनी कानाजवळ हात नेऊन ऐकलं. म्हातारा वाचायला लागला तसे ते खुर्चीत पुढे सरकले. घंटा झाली, नाव झालं, संपलं. 

"परत लावा," ते म्हणाले. परत ऐकून झाल्यावर म्हणाले, "हा माणूस मी जहाजावर असताना तरुण होता. आमच्या वायरलेसच्या खोलीत आम्ही त्याच्या वाचण्याची नक्कल करायचो. तो अजून वाचतोय हे मला माहीत नव्हतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शक्य नाही म्हणालो होतो मी."

"मला तर तेव्हा ऐकूच आलं नव्हतं," आत्या म्हणाली. "शेवटची रात्र परवा आहे. गाडीत जागा आहे, फक्त चादरींवर पाय ठेवायचे नाहीत."

ठरल्याप्रमाणे शेवटच्या रात्री काका आमच्याबरोबर आले. आत्याने कोट त्यांना घालायला लावला. त्या रात्री आकाश साथ देत नव्हतं. मोठं केंद्र सगळ्या जागेवर पसरून बसलं होतं आणि खाली काही असलं तरी लागत नव्हतं. आत्याने आणि काकांनी एकेक हेडफोन कानाला लावला होता. बाबा पुढच्या सीटवर घोरत होते. बेटावरचं केंद्र बंद होण्याची वेळ आली, गेली. काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"झालं, ताई," ते म्हणाले. "बंद केलं असणार त्यांनी."

आत्या जागची हलली नाही. कळ केसाएवढी पुढे नेली, परत मागे आणली. "शेवटचं वाचायचं म्हटल्यावर त्याला उशीर होऊ शकतो," ती म्हणाली. "उजाडेपर्यंत बसू."

काकांनी तिच्याकडे बघितलं, कोटाची कॉलर वर ओढली आणि हेडफोन परत कानाला लावला.