मावशीला विचारू नये

दवाखान्याच्या खिडकीशी भाची येऊन उभी राहिली, आणि खिडकीमागे मी. मला बघताच तिचा चेहरा पडला. सोळा वर्षांची पोर, एकटीच आलेली. वळून निघालीच होती.

"थांब गं," मी हळूच म्हटलं. "डॉक्टरीणबाई तुझ्या वयाच्या मुलांशी एकट्यानंच बोलतात. आतलं आतच राहतं. मीसुद्धा विचारत नाही."

"आईला कळलं तर?"

"माझ्याकडून नाही कळणार."

म्हटलं खरं, पण ते निभावणं सोपं नव्हतं. रोज सकाळी देवापुढे हात जोडून मी खोटं न बोलण्याचं व्रत घेते, आणि माझ्या धाकट्या बहिणीला ते पक्कं ठाऊक आहे.

संध्याकाळी बहीण माझ्या घरी आलीच. मी शेंगा सोलत होते.

"ताई, आमची बया तुमच्या गल्लीत दिसली म्हणे. दवाखान्यात आली होती का?"

"कोण आलं, कोण नाही, ते मी घरी आणत नाही."

"म्हणजे आली होती! नसती, तर सरळ 'नाही' म्हणाली असतीस."

चांगलीच कोंडीत सापडले. देवाचं नाव घेतलं आणि विचारलं, "मागे शिंपीणकाकूंबद्दल विचारलंस, तेव्हा काय म्हटलं मी?"

"हेच."

"आणि तुझ्या नवऱ्याबद्दल?"

"हेच! आणि ते तर तेव्हा परगावी होते. तरी तुझ्या तोंडून 'नाही' निघालं नाही. दगड मेली!"

"मग आजच कसा होकार ऐकू आला तुला?"

ती हसली, आणि हसता हसताच डोळे भरले. "काही भलतंच असलं तर, ताई? आई आहे गं मी."

मी शेंगा बाजूला सारल्या, तिचा हात हातात घेतला. "आहेस ना? मग तिच्याजवळ जाऊन बस. ती बोलेल तेवढं ऐक. रागावू मात्र नकोस."

मायलेकींत काय बोलणं झालं, मला माहीत नाही. भाचीला काय होत होतं, ते तुम्हालाही सांगणार नाही.

पुढच्या आठवड्यात दोघी मिळून दवाखान्यात आल्या. भाची आत गेली, दार लागलं. बहीण बाकावरून अर्धी उठली, पुन्हा बसली.

"मी काही विचारत नाहीये हं," ती आपणहून म्हणाली.

मी तिला पाणी दिलं. पेला दोन्ही हातांत धरून ती बंद दाराकडे बघत बसली.